गेमची ईएक्सई फाइल पुन्हा पुन्हा गायब होते? ‘अलाऊ’ दाबण्याआधी तारखा बघा

"मामा, परत गेला."

इंदिरानगरहून भाच्याचा फोन. परत गेला म्हणजे गेम गेला. डेस्कटॉपवरचं चिन्ह पांढरं पडलेलं, डबल क्लिक केलं की विंडोज सांगतं की शॉर्टकट ज्या फाइलकडे जातो ती फाइल, म्हणजे गेम चालू करणारी ईएक्सई, जागेवरच नाही. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून फाइल पुन्हा उतरवली की गेम चालू, आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा तीच रड. तिसऱ्या खेपेला मी त्याला बोलता बोलता थांबवलं, कारण पुढचं वाक्य मला पाठ होतं: "मित्र म्हणतो, अँटिव्हायरसच बंद करून टाक."

नाशिकमध्ये सातपूरला नोकरी आणि संध्याकाळी ओळखीपाळखीच्यांचे पीसी बघणं, असा माझा जुना उद्योग आहे. दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी लागली की ही तक्रार ठरलेली. लक्षण सगळीकडे सारखंच. कारणं मात्र एकमेकांच्या अगदी उलटी. एक तर फाइल साधीसुधी असते आणि अँटिव्हायरसला तिची ओळख नसते, नाहीतर फाइल खरोखर चोर असते आणि अँटिव्हायरस आपलं काम चोख करत असतो. या दोन्हींतला फरक फोनवरून सांगता येत नाही. मी एकदा सांगून बसलो होतो, ते पुढे येईलच.

आधी फाइल नेली कुणी?

विंडोज सिक्युरिटी उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये जा आणि ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ बघा. डिफेंडरने, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसने, फाइल उचलली असेल तर इथे तारीख-वेळेसकट नोंद असते. दुसरा अँटिव्हायरस टाकलेला असेल, आपल्याकडे बऱ्याच घरांत पुण्याचा क्विक हील असतो, तर त्याचं क्वारंटाइन (पकडलेल्या फाइली कोंडून ठेवायची जागा) आणि रिपोर्ट उघडा.

नोंदच नाही? मग अँटिव्हायरसला दोष देऊ नका. पावसाळ्यात अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली की फाइल तुटकी राहते. बाहेरची हार्डडिस्क काढून पुन्हा लावली की कधी कधी ‘डी’चं ‘ई’ होतं आणि शॉर्टकट वाट चुकतो. स्टीममध्ये गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘इन्स्टॉल्ड फाइल्स’, तिथे ‘व्हेरिफाय इंटिग्रिटी ऑफ गेम फाइल्स’. एपिक आणि जीओजी गॅलेक्सी या दुसऱ्या गेम-दुकानांतही अशी सोय आहे. पाच-दहा मिनिटांत तुटकी फाइल नवी येते. दर वेळी तपासणीत वेगवेगळ्या फाइली खराब निघत असतील तर मात्र डिस्क किंवा रॅमवर संशय घ्या. क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटं फुकट साधन डिस्कची तब्येत लगेच दाखवतं.

आणखी एक गल्लत नेहमी होते. गेम उघडताना कुठलीतरी ‘डीएलएल’ (गेमला लागणारी सोबतची फाइल) सापडत नाही असा निरोप येतो आणि पोरं ती एक फाइल गुगलवर शोधून भलत्याच साइटवरून उतरवतात. ते करू नका. नावात ‘व्हीसीरनटाइम’ किंवा ‘एमएसव्हीसीपी’ असेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस रिडिस्ट्रिब्युटेबल’ टाका, ३२ बिट आणि ६४ बिट दोन्ही. विषय संपला.

तारखा लिहून काढा

नोंद सापडली की ‘अलाऊ’ किंवा ‘रिस्टोअर’ला, म्हणजे फाइल परत सोडणाऱ्या बटणांना, हात लावायचा नाही. एक कागद घ्या. फाइल किती वेळा उचलली गेली, प्रत्येक वेळची तारीख आणि वेळ लिहा. मग शेजारी गेमच्या अपडेटच्या तारखा लिहा; स्टीमवर गेमच्या पानावर त्या असतात.

भाच्याच्या कागदावर तीन ओळी झाल्या आणि तिन्ही अपडेटच्या तारखांना चिकटून होत्या. गेम एका छोट्या स्टुडिओचा, दोन-तीन माणसांनी केलेला. दर अपडेटला ईएक्सई नवी होते, आणि जगाच्या दृष्टीने नवी म्हणजे अनोळखी. डिफेंडर आणि स्मार्टस्क्रीन (विंडोजचाच, अनोळखी फाइली अडवणारा पहारेकरी) फाइलच्या आत काय आहे एवढंच बघत नाहीत, ती आधी किती लोकांनी चालवली आहे, कुणाच्या सहीची आहे, हेही बघतात. लाखो लोक खेळतात त्या गेमची नवी फाइल लवकर ओळखीची होते. थोडेच लोक खेळतात त्या गेमची फाइल कित्येक दिवस परकीच राहते. त्यात स्टुडिओने ईएक्सई दाबून छोटी करणारं साधन वापरलं असेल तर संशय वाढतो, कारण मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्रॅम, लिहिणारेही तीच साधनं वापरतात.

चोर फाइलची वेळ वेगळी असते. तिचा गेमच्या अपडेटशी संबंध नसतो. पीसी चालू केला की पाच मिनिटांत नोंद, किंवा दर ठरावीक मिनिटांनी नोंद. म्हणजे कुणीतरी ती फाइल पुन्हा पुन्हा आणून ठेवतंय.

तारखांच्या खालोखाल महत्त्वाचा आहे पत्ता. नोंदीत ‘अफेक्टेड आयटम्स’खाली फाइलचा पूर्ण पत्ता असतो. स्टीमच्या ‘स्टीमॲप्स, कॉमन’ या फोल्डरमध्ये गेमच्या नावाखाली असेल तर ठीक. ‘ॲपडेटा’मधल्या ‘टेम्प’ किंवा ‘रोमिंग’मध्ये असेल तर ती बहुधा गेमची फाइल नव्हेच, गेमचं नाव पांघरलेली दुसरी कुणीतरी आहे.

आणि तिसरं, डिफेंडरने दिलेलं नाव. नावाच्या शेवटी उद्गारचिन्ह आणि ‘एमएल’ असेल तर तो मशिन लर्निंगचा अंदाज असतो: ही फाइल चोरांसारखी दिसते, एवढाच. ‘हॅकटूल’ बहुतेक क्रॅक (विकत न घेतलेला गेम चालवणारी फाइल) आणि ट्रेनरला (गेममध्ये चीटिंग करू देणारा प्रोग्रॅम) लागतं. एखाद्या घराण्याचं नाव असेल, रेडलाइन, लुमा, व्हिडार, तर गंभीर व्हा. ही पासवर्ड आणि ब्राउझरची लॉगिन पळवणारी टोळी आहे.

नोट उजेडात धरण्याचं काम

नाशिकरोडची करन्सी नोट प्रेस १९२८ सालची. नोटा छापणाऱ्या गावात राहून आपल्याला एवढं तरी कळायला हवं की पाचशेची नोट हातात आली की ती उजेडात धरतात, वॉटरमार्क बघतात, तार बघतात. ईएक्सईलाही वॉटरमार्क असतो, त्याला डिजिटल सही म्हणतात. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘डिजिटल सिग्नेचर्स’ नावाची टॅब. टॅब असेल तर सहीवर क्लिक करून ‘डिटेल्स’ उघडा. सही ठीक आहे असं लिहिलेलं हवं आणि नाव गेम बनवणाऱ्या किंवा प्रकाशित करणाऱ्या कंपनीचं हवं. सही झाल्यावर फाइलमध्ये कुणी एक अक्षर बदललं तरी सही तुटते.

टॅबच नसेल तर? घाबरू नका. सहीचं प्रमाणपत्र विकत घ्यावं लागतं आणि पुष्कळ छोटे स्टुडिओ तो खर्च टाळतात. भाच्याच्या गेमला सही नव्हती. पण मोठ्या कंपनीच्या गेमच्या नावाने आलेल्या फाइलला सही नसेल, तर ती फाइल तिथेच सोडा.

उलट बाजूही लक्षात ठेवा. वॉटरमार्क फक्त नोट खरी आहे हे सांगतो, ती कुणाच्या खिशातून मारली हे नाही. २०२२ मध्ये ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाकडून चोरीला गेलेली सही करायची प्रमाणपत्रं वापरून मालवेअरवर सह्या ठोकल्या गेल्या होत्या. नाव खरं आणि माल खोटा.

याच खिडकीजवळचं अजून एक काम उरकून घ्या. फाइल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा. विंडोज मुळात शेपूट लपवून ठेवतं, त्यामुळे ‘चीट कोड पीडीएफ’ असं दिसणारी फाइल प्रत्यक्षात ईएक्सई असू शकते. शंका असेल तर फाइल डबल क्लिक न करता नोटपॅडमधून उघडा. कचरा दिसेल, पण पहिली दोन अक्षरं एम आणि झेड असली तर ती चालणारी प्रोग्रॅम फाइल आहे, चित्र किंवा कागद नाही. ही अक्षरं मार्क झ्बिकोव्स्की या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या प्रोग्रॅमरच्या नावातली. डॉसच्या काळात त्याने ठेवली आणि आजही प्रत्येक ईएक्सईच्या कपाळावर आहेत. बघून झालं की सेव्ह न करता बंद करा.

ठसा आणि सत्तर पंच

फाइलचा हॅश म्हणजे तिच्या अंगठ्याचा ठसा. सेव्हन-झिप (फाइली दाबून छोट्या करायचं साधन) टाकलेलं असेल तर फाइलवर राइट क्लिक, विंडोज ११ असेल तर आधी ‘शो मोअर ऑप्शन्स’, मग ‘सीआरसी एसएचए’मध्ये ‘एसएचए-२५६’. ६४ अक्षरांची माळ मिळते. ती कॉपी करा. (फाइल क्वारंटाइनमध्ये असेल तर ठशासाठी ती बाहेर काढायची गरज नाही. इंटरनेटवर जिथून घेतली तिथून दुसऱ्या फोल्डरमध्ये उतरवा, चालवू नका.) गेम बनवणाऱ्याने आपल्या साइटवर ठसा दिला असेल तर दोन्ही ताडून बघा. पहिली चार आणि शेवटची चार नाही, सगळी.

मग व्हायरसटोटलवर जा. २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झालेली ही सेवा २०१२ पासून गुगलकडे आहे आणि एकच फाइल सत्तरच्या आसपास अँटिव्हायरसना एका वेळी दाखवते. लोक थेट फाइल चढवायला जातात. आधी ‘सर्च’मध्ये ठसा टाका. ती फाइल आधी कुणी तपासली असेल तर निकाल तिथल्या तिथे मिळतो आणि तुमचं इंटरनेट वाचतं. ठसा सापडला नाही तरच फाइल चढवा. चढवलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना बघता येते, तेव्हा गेमची ईएक्सई ठीक, घरचे कागद तिथे टाकायचे नाहीत.

निकाल वाचताना आकड्यावर भुलू नका. भाच्याच्या फाइलला ७१ पैकी ३ लाल निघाले आणि तो हबकला. तिघंही फारसे माहीत नसलेले, आणि तिघांनीही लावलेली नावं ‘जेनेरिक’ किंवा अंदाजाची. मोठे सगळे हिरवे. ‘डिटेल्स’मध्ये फाइल पहिल्यांदा तपासली गेली ती तारीख अपडेटच्या दिवसाची. तीन दिवसांनी तिथेच ‘रीॲनलाइझ’ दाबलं, तिघांतला एक उरला. खोटा इशारा असाच विरत जातो. खऱ्या चोराचं उलट होतं: पहिल्या दिवशी ५, आठवड्याने ४०. म्हणून नव्याकोऱ्या फाइलला शून्य लाल आले तरी मी ‘पास’ म्हणत नाही, दोन-तीन दिवस थांबायला सांगतो. पोरांना हा सल्ला अजिबात पटत नाही.

फाइलच चढत नाही असंही होतं. व्हायरसटोटलची मर्यादा ६५० एमबी आहे आणि हे चोरांनाही माहीत आहे. त्यामुळे काही जण दोन-चार एमबीच्या मालवेअरमध्ये नुसती शून्यं भरून ते फुगवतात. ओळखायची युक्ती सोपी: ईएक्सई झिप करून बघा. ७०० एमबीची फाइल पाच एमबीवर आली तर तिच्यात गेम नाही, हवा आहे.

फोनवर दिलेला सल्ला

आता माझी चूक. भाच्याचं निस्तरून मी दुसऱ्याच आठवड्यात जरा फुशारलेला होतो. सिडकोतल्या एका काकांचा फोन आला: मुलाच्या लॅपटॉपवर गेमची फाइल सारखी उडते, तो वैतागलाय. मी भाजी घेत उभा होतो. म्हटलं, "खोटा इशारा असेल काका, अलाऊ करायला सांगा." केलं. तक्रार थांबली. काकांनी आभारही मानले.

चार दिवसांनी मुलाच्या इन्स्टाग्रामवरून सगळ्या मित्रांना क्रिप्टोच्या स्कीमचे मेसेज गेले आणि स्टीममधल्या त्याच्या वस्तू नाहीशा झाल्या. "तूच म्हणालास ना अलाऊ कर म्हणून," काका एवढंच म्हणाले.

जाऊन बघितलं तर जे मी तारखा विचारून पहिल्या मिनिटात ओळखायला हवं होतं ते समोर होतं. नोंदी रोज, लॅपटॉप चालू केल्यावर लगेच. पत्ता ‘टेम्प’मधला. फाइल गेमची नव्हतीच. टेलिग्रामवरच्या एका चॅनलवरून घेतलेला ‘ट्रेनर’ होता. झिपला पासवर्ड होता, सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की आधी अँटिव्हायरस बंद करा. पोराने तो बंद करून एकदाच चालवला होता, तेवढं पुरलं. ‘टास्क शेड्युलर’मध्ये, म्हणजे विंडोज आपोआप चालवतं त्या कामांच्या यादीत, अर्थहीन नावाचं एक काम बसलेलं होतं, ते दर लॉगिनला चोर फाइल पुन्हा आणून ठेवायचं आणि डिफेंडर ती पुन्हा उचलायचा. माझ्या सल्ल्याने ‘अलाऊ’ झाल्यावर तिने पहिलं काम काय केलं, तर डिफेंडरच्या ‘एक्सक्लुजन्स’च्या, म्हणजे न तपासायच्या गोष्टींच्या, यादीत अख्खा सी ड्राइव्ह घालून टाकला. म्हणून तक्रार थांबली होती.

झिपला पासवर्ड असतो तो अँटिव्हायरसला आत बघता येऊ नये म्हणून. आणि ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ हे वाक्य जिथे दिसेल तिथून उठा. यापुढची कुठलीही तपासणी करायची गरज नाही.

क्रॅक आणि रिपॅकबद्दल (चोरीच्या गेमचे दाबून छोटे केलेले इन्स्टॉलर) मी उपदेश करत नाही, पण घडलेलं सांगतो. २०२४ च्या ३१ डिसेंबरला सुरू झालेल्या एका मोहिमेत गॅरीज मॉड, बीमएनजी ड्राइव्ह अशा लोकप्रिय गेमच्या टोरंटवरच्या बदललेल्या इन्स्टॉलरमधून, दुसऱ्याचा पीसी राबवून क्रिप्टो चलन खोदणारा प्रोग्रॅम पसरवला गेला. कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने तो उलगडला. तो आठ किंवा जास्त कोअरचा प्रोसेसर असेल तरच कामाला लागायचा, म्हणजे चोर गेमिंग पीसीच शोधत होता. आणि फक्त टोरंटच वाईट असंही नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत ‘पायरेटफाय’ नावाचा फुकट गेम थेट स्टीमवरच पासवर्ड चोरणारा निघाला. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हने तो काढला आणि ज्यांनी चालवला त्यांना विंडोज नव्याने टाकण्याचा विचार करा असं कळवलं. डिसेंबर २०२३ मध्ये ‘स्ले द स्पायर’ या गेमच्या ‘डाउनफॉल’ या नावाजलेल्या मॉडचं (चाहत्यांनी गेमला जोडलेली भर) खातं हॅक करून नाताळच्या दिवशी त्यातून चोर अपडेट सोडला गेला. स्टीमवरून आलंय म्हणून डोळे मिटायचे नाहीत, एवढंच.

एक उलटी सूचनाही. व्हॅलोरंट या गेमचा ‘व्हॅनगार्ड’ पीसी चालू होतानाच चालू होतो आणि विंडोजच्या अगदी आत बसतो. तो बघून दर महिन्याला कुणीतरी मला व्हायरस सापडल्याचं कळवतं. तो चीटिंग पकडणारा प्रोग्रॅम आहे, गेम ठेवायचा तर तो ठेवावाच लागतो.

निकाल लागल्यावर

खोटा इशारा ठरला तर रिअल-टाइम प्रोटेक्शन बंद करायचं नाही आणि अख्खं स्टीम फोल्डर एक्सक्लुजनमध्ये घालायचं नाही. तेवढी एकच ईएक्सई घाला, ‘फाइल’ हा पर्याय निवडून. मात्र पत्ता तोच राहिला तर पुढच्या अपडेटची नवी ईएक्सईही डिफेंडर न बघता सोडेल, म्हणून आठवड्याभराने ती नोंद काढून बघा. तोवर फाइल बहुधा ओळखीची झालेली असते. मायक्रोसॉफ्टच्या सिक्युरिटी इंटेलिजन्स साइटवर फाइल पाठवून ‘ही चुकून पकडली’ असंही सांगता येतं. भाच्याने ते केलं, शिवाय स्टुडिओलाही ठसा आणि निकालाची लिंक पाठवली. छोटे लोक अशा मेलला उत्तर देतात.

चोर ठरला तर क्रम महत्त्वाचा. पहिल्यांदा लॅपटॉपचं वायफाय बंद. मग फोनवरून, त्या लॅपटॉपवरून अजिबात नाही, ईमेल, स्टीम, इन्स्टाग्राम, बँक यांचे पासवर्ड बदला आणि प्रत्येक ठिकाणी ‘सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट’ करा. हे साइन आउट लोक विसरतात. ही टोळी पासवर्डसोबत ब्राउझरमधली चालू लॉगिन उचलते, त्यामुळे ओटीपी न विचारताही तुमच्या खात्यात शिरता येतं. पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, उशीर झाला की पैसे गोठवणं अवघड होतं.

त्यानंतर सफाई. एक्सक्लुजनची यादी रिकामी करा, ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ चालवा. पीसी बंद होऊन चालू होतो आणि विंडोज पूर्ण जागं होण्याआधी साधारण पंधरा मिनिटं तपासणी होते. मायक्रोसॉफ्टच्या सायसइंटर्नल्स या साधनसंचातल्या ‘ऑटोरन्स’मध्ये चालू होताना काय काय सुरू होतं ते सगळं दिसतं. पण काकांच्या लॅपटॉपला मी सरळ फॉरमॅट मारला. फोटो आणि कॉलेजचे कागद वेगळे काढले, एकही ईएक्सई किंवा झिप घेतली नाही, आणि विंडोजचा पेनड्राइव्ह माझ्या पीसीवर बनवला. एकदा मालकाच्या परवानगीने चाललेला चोर कुठे कुठे बसलाय हे शोधण्यात रविवार घालवण्यापेक्षा ते दीड तासात उरकतं.

विंडोज प्रो असेल तर ‘विंडोज सँडबॉक्स’मध्ये, म्हणजे पीसीतल्याच एका वेगळ्या बंदिस्त विंडोजमध्ये, संशयित फाइल उघडून बघता येते, खिडकी बंद केली की आतलं सगळं पुसलं जातं. होम आवृत्तीत ती सोय नाही. शिवाय सँडबॉक्स दिसला की गप्प बसणारे चोरही असतात, म्हणून तिथे काही झालं नाही याला मी फार किंमत देत नाही.

आता भाजी घेताना फोन आला तरी मी चार गोष्टी विचारतो आणि त्या मिळेपर्यंत हो-नाही काही बोलत नाही: नोंदींच्या तारखा-वेळा, फाइलचा पत्ता, डिफेंडरने दिलेलं नाव आणि फाइल कुठून घेतली ते. काकांच्या मुलाने परवा चारही एका मेसेजमध्ये पाठवल्या. चौथीपुढे लिहिलं होतं, "टेलिग्राम. अजून उघडली नाही."